अक्का, नानांना कोणत्या रकान्यात घालायचं?

अक्का,

परवा तुझी गंधमुक्ती झाली. सगळे जेवले, सुतक फिटलं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी सोनगीरला परत आलो. आल्या आल्या सवयीनं तुला फोन लावला, सुखरूप पोचलो म्हणून सांगायला. तुझ्या सुनेनं उचलला. तीच म्हणाली, "मामा, पोचले ना?" म्हटलं, पोचलो.

तू कशी गेलीस ते इथं लिहीत नाही. ते डॉक्टरांनी लिहिलंय, बरोबर लिहिलंय, माझा काही आक्षेप नाही. सरकारी लेखापरीक्षणात जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर आक्षेप काढलेल्या तुझ्या धाकट्या भावाकडून हे मोठंच सर्टिफिकेट समज. माझा आक्षेप वेगळ्याच मरणाबद्दल होता आणि तो तुला तोंडपाठ होता. तुझा नवरा, म्हणजे अख्ख्या गावाचे नाना, कशानं गेले? मी म्हणायचो, कोरोनानं. तू म्हणायचीस, "नही." दरवर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तू माहेरी यायचीस, पुरणपोळी-आमरस व्हायचा आणि हात वाळायच्या आत आपलं हे भांडण सुरू व्हायचं. खरं सांगू? मला त्याची चटक लागली होती.

सुरुवात तुझ्याच एका शब्दानं झाली. कोरोनाचं ते पहिलं वर्ष होतं. नानांना रावेरहून जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात हलवलेलं, ऑक्सिजन लावलेला. आत कोणाला सोडत नव्हते, म्हणून तू बाहेर झाडाखाली डबा घेऊन बसून असायचीस. मी धुळ्यात ड्युटीवर अडकलेलो. आणि एका सकाळी तुझा फोन आला, "बापू, नाना सुटनात रे!" एवढं बोललीस आणि रडायलाच लागलीस.

आता मला सांग, 'नाना सुटले' म्हटल्यावर कोण काय समजेल? हॉस्पिटलातून घरी सोडलं की आपल्याकडे 'सुट्टी झाली' म्हणतात. रावेरपासून धुळ्यापर्यंत कोणालाही विचार. 'सुटला बिचारा' म्हणतात ते मेलेल्याला. त्यात बहीण हुंदके देतेय. मी फोन ठेवला, डोळे पुसले आणि जबाबदार भाऊ या नात्यानं सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. सरकारी माणूस एरवी एवढा तत्पर नसतो, पण त्या दिवशी होतो.

तुमची गाडी गावात शिरली तेव्हा दारावर सांत्वनाला माणसं बसलेली होती. तोंडाला रुमाल बांधून, लांब लांब, पण बसलेली. नानांच्या थोरल्या बहीण जिजी ओट्यावर बसून भावाचे एकेक गुण आठवून रडत होत्या. मीही धावतपळत पोचलो होतो. गाडीचं दार उघडलं आणि नाना स्वतःच्या पायांनी खाली उतरले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"काहाले जमले रे सारे? कोन गेलं?"

जिजींचा सूर गळ्यातच अडकला. शेवटी शेजारचा एक जण चाचरत म्हणाला, "नाना, तुम्हीच."

नाना मटकन ओट्यावर बसले आणि असे हसले, की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि जमलेली मंडळी भराभर मागं सरकली. खोकला थांबल्यावर म्हणाले, "जिजी, मघा तू माह्याबद्दल काय म्हनत होती? पुन्हा म्हन ना. नीट ऐकू दे मले." जिजींनी त्यांना मेल्या म्हटलं, आणि मग स्वतःच जीभ चावली.

आणि तू? तू माझ्याकडे वळलीस. "बापू, तुना कान तपासी ले पहिले."

"तू सुट्टी झाली असं का नाही म्हणालीस?"

"माले सुचनं ते बोलनू. आनंदमा रडी ऱ्हायंथू मी!"

चूक तुझ्या शब्दाची की माझ्या कानाची, हा वाद काही मिटला नाही. आता मिटायचाही नाही.

त्या सुटण्याआधी तू बिलाशी जी कुस्ती खेळलीस, ती मात्र मी धुळ्यात माझ्या ऑफिसात प्रत्येकाला ऐकवली आहे. मला तेव्हा खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासायला बसवलेलं. दिवसभर लाल पेन घेऊन मी आक्षेप लिहीत होतो, आणि माझ्या बहिणीचं बिल माझ्या जिल्ह्याबाहेर! मी तुला फोनवर एवढंच म्हटलं, की एकेक बाब वेगळी विचार. तू काउंटरवर गेलीस आणि पीपीई किटवर बोट ठेवलंस. "दादा, हे किट घालून डॉक्टरसाहेब आमच्या ह्यांनाच भेटायला येत होते का? त्या खोलीत तर खाटाच खाटा होत्या. मग एकट्याच्या बिलात अख्खं किट कसं?" मी तीन ओळींच्या सरकारी वाक्यात जे लिहायचो, तेच हे. काउंटरवरचा पोरगा मास्कच्या आड हसला, आत जाऊन विचारून आला आणि बिल थोडं उतरलं. थोडंच. त्या वर्षीची केळी शेवटी हॉस्पिटलातच गेली. त्याचंही तू रडगाणं केलं नाहीस. भेटेल त्याला सांगायचीस, "अख्ख्या मळ्याची केळी एकट्यानं खाल्ली यांनी!" आणि वर तिथल्या नर्सेसना केळीचे घड पाठवलेस. मी चिडलो, एवढं बिल भरून वर भेट कसली? तर म्हणालीस, "बिल इमारतनं व्हतं बापू. जीव त्या पोरीसनी वाचाडा."

घरात नातवंडं लहान, म्हणून डॉक्टरांनी नानांना काही दिवस वेगळं राहायला सांगितलं. मळ्यातली खोली झाडून घेतली. नाना एकटेच जाणार होते. तू तुझं गाठोडं घेऊन त्यांच्या आधी बैलगाडीत चढून बसलीस. मी समजवायला गेलो, तर म्हणालीस, "इतला दिन भाईर झाडखाले बसनू. आते नही." घरची माणसं बांधावर शिधा ठेवून हाक मारायची आणि निघून जायची.

आणि दिवाळी तोंडावर आली असताना नाना गेले. नवी वांगी नुकती निघाली होती. संध्याकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, हात धुतले, खाटेवर आडवे झाले, आणि संपलं. यावेळी तुझा फोन आला तेव्हा तू रडत नव्हतीस. "बापू, नाना गयात," म्हणालीस. त्या शब्दात चुकायला काही जागाच नव्हती.

दारावर पुन्हा तीच माणसं बसली. जिजी पुन्हा ओट्यावर. आणि सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "नुकत्या उठलेल्या मानसाले इतकं तेलकट भरीत खाऊ घातलं इनं. कोरोनानं सोडला माह्या भावाले, इनं नाही सोडला." मला वाटलं, तू काहीतरी बोलशील. तू मान खाली घातलीस. मी अगदी जवळ बसलो होतो अक्का, आणि मला तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं. मला वाटलं, दुःखानं बहिणीचं डोकं फिरलं. मी घाबरलो.

तेव्हापासून तो ठपका तुझ्या कपाळी बसला. लग्नकार्यात कोणी भरताचं नाव काढलं, की बायका तुझ्याकडे बघायच्या. मला ते सहन होत नव्हतं. पुढच्या वर्षी कोरोनात गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारची मदत जाहीर झाली आणि मी नियम वाचला. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून महिन्याभरात माणूस गेला, तर तो घरी गेला तरी कोरोनाचाच मृत्यू धरायचा. अपघात, विषबाधा असले प्रकार तेवढे वगळलेले. भरीत वगळलेलं नव्हतं! मला इतका आनंद झाला, की मी त्या कागदावरून हात फिरवला. मदतीचे पैसे मिळाले तर चांगलंच, पण मला हवा होता तो शिक्का. सरकारनं एकदा 'कोरोना' लिहिलं, की जिजींचं तोंड बंद.

तू अर्जावर सही केलीस, माझा हट्ट म्हणून. मग जळगावला कलेक्टर कचेरीत समितीपुढे बोलावणं आलं. आत एक डॉक्टर, एक अधिकारी, आणि टेबलाखाली तुझ्या पायापाशी माझा पाय, तू काही भलतं बोललीस तर दाबायला. डॉक्टरांनी कागद चाळले. सगळं नियमात बसत होतं. त्यांनी सहज विचारलं, "आजी, बाबा शेवटी काय म्हणाले?"

"म्हणाले, आज मजा आली."

मी पाय दाबला.

"दम लागला होता का?"

"नाही साहेब. बिलकुल नाही. कोरोना त्यांनी जळगावातच सोडून दिला होता. तुम्ही हृदय लिहा, म्हातारपण लिहा, काही लिहा. कोरोना लिहू नका."

मी एवढ्या जोरानं पाय दाबला, की तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बापू, तुना पाय मना पायवर शे." अधिकारी खोकल्यासारखं करून हसले. डॉक्टर म्हणाले, "आजी, असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे उलटं सांगायला येतात." अर्जदाराचाच नकार, म्हणून अर्ज निकाली निघाला.

बाहेर व्हरांड्यात मी तुझ्यावर ओरडलो. तुझं लक्षच नव्हतं. तिथं सातपुड्यातल्या पाड्यावरची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा खरोखर कोरोनात गेला होता, पण चाचणी व्हायच्या आत. कागदावर नुसता न्यूमोनिया. जो शब्द तू आत नाकारून आलीस, त्याच शब्दासाठी ती तिसऱ्यांदा डोंगर उतरून आली होती. तू तिच्याजवळ जाऊन बसलीस, तिचं सगळं ऐकलंस आणि मला म्हणालीस, "मनावर वाया घालाडा तो नियम आते हिन्हाकरता वापर." मी वापरला. छातीचा स्कॅन झालेला होता, रिपोर्ट सापडला, तो लावून नवा अर्ज केला आणि तिचं काम झालं. ती पुढे डिंकाची पुरचुंडी घेऊन तुझ्या घरी आली, आणि तू त्या डिंकाचे लाडू मला पाठवलेस. मी लाडू खाल्ले आणि राग तसाच ठेवला.

कारण मला कळतच नव्हतं. एका शब्दानं ठपका जाणार होता आणि तू तो शब्द हातानं पुसून आलीस. दर अखाजीला मी तेच विचारायचो. तू म्हणायचीस, "नियम तुना, मानूस मना." आणि आंब्याची कोय माझ्या ताटात टाकायचीस.

मग ती शेवटची अखाजी. निंबाला झोका बांधला होता. पोरीबाळी खेळून जेवायला गेल्या आणि तू, एवढी म्हातारी, हळूच जाऊन झोक्यावर बसलीस. मला म्हणालीस, धक्का दे. मी म्हटलं, आधी उत्तर दे. तू पायानंच झोका हलवला आणि म्हणालीस, "भरीत मी करेल नव्हतं."

"मग कोणी केलं?"

"त्यासनी."

मी झोक्याची दोरी धरली. तू सांगत गेलीस. त्या दिवशी तुझं अंग दुखत होतं. नाना म्हणाले, आज तू बस. उभ्या संसारात ज्या माणसानं पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, त्यानं कपाशीच्या काड्या पेटवल्या, धुरानं डोळे लाल करून घेतले, वांगी भाजली, बोट भाजलं. मीठ किती टाकू म्हणून विचारलं, तर तू मुद्दाम सांगितलं नाहीस. पहिलं त्यांनी तुला वाढलं, केळीच्या पानावर. आणि जेवताना विचारलं, लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं? सासरी तुझं सुमन केलं होतं. तू सांगितलंस, द्वारका. मग जेवण होईपर्यंत ते तुला उगीचच हाका मारत राहिले. द्वारका, भाकरी घे. द्वारका, पाणी दे.

"लगीन व्हयनं तवपाईन आम्ही दोनीच जन एक घरमा कधी ऱ्हायनोतच नही, बापू," तू म्हणालीस. "सासू, दीर, पोरं, पाव्हना. ते मळाना दिन आजारना नव्हतात. कागदवर कोरोना लिखं का ते बठ्ठा दिन आजारना व्हई जातस."

मी म्हटलं, "अगं, ते सगळे दिवस आजाराचे नव्हतेच, तर जिजींना तरी सांगायचं! इतकी वर्षं बोलणी खाल्लीस!"

"ते मनं व्हतं. बठ्ठा गावले वाटी देऊ का?" आणि मग दटावून म्हणालीस, "मी शे तवलोंग कोनले सांगू नको."

उत्तर मिळालं होतं. मी गपचूप तुला धक्का दिला. मोठा दिला. तू ओरडलीस, "हळू रे!" आणि पोरीसारखी हसत वर गेलीस. अक्का, तुझ्याकडे पाहून मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं, की आजही तुझी आठवण आली की आधी रडू येत नाही, ते हसणं येतं. असा माणूस मला बहीण म्हणून मिळाला, याचं मी काय करू?

तर आता गंधमुक्तीच्या दिवसाचं ऐक.

जिजी आल्या होत्या. फार थकल्यात, ऐकायलाही कमी येतं. खाटेवर बसून आल्यागेल्याला तुझे गुण सांगत होत्या, अगदी मनापासून. मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "बाई लाखाची. येकच चूक झाली तिच्या हातून. त्या भरताची." चार जणांनी माना डोलावल्या.

मी उठलो. तू आहेस तोवर सांगायचं नाही, या तुझ्या अटीत तू बसत नव्हतीस आता.

"जिजी, भरीत नानांनी केलं होतं."

त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी ओरडून सांगितलं, त्यामुळे गल्लीलाही कळलं. काड्या, धूर, भाजलेलं बोट, केळीचं पान, सगळं सांगितलं. द्वारका हे नाव मात्र नाही सांगितलं. ते तुमच्या दोघांचं.

जिजींनी कानामागं हात धरला.

"माह्या भावानं? चूल पेटवली?"

"पेटवली."

"अन् तिले वाढलं?"

"आधी तिलाच वाढलं."

त्यांनी मान वळवली, हार घातलेल्या तुझ्या फोटोकडे. पदरानं डोळे पुसले. "मले माहीत नव्हतं वं सुमन," एवढंच म्हणाल्या. बायका रडायला लागल्या. माझाही बांध फुटायला आला होता.

तेवढ्यात जिजींनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकलो. त्या कुजबुजायला गेल्या, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबुज ती, सगळ्या दाराला ऐकू गेली.

"चांगलं झाल्तं का पन?"

"मीठ फार पडलं होतं म्हणे," मी म्हटलं. "तरी अक्कानं दोनदा मागून घेतलं."